एमएस-२० मिनी: पट्ट्या विसरा, भोकांकडे बघा

कॉर्गचा एमएस-२० मिनी हा सिंथेसायझर समोर आला की हात आपोआप पट्ट्यांकडे जातो, आणि निराशेची सुरुवातही तिथूनच होते. ३७ बारीक पट्ट्या, हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच, एका वेळी एकच सूर. पेटीवर बसलेल्या बोटांना त्या अरुंद लागतात. "एवढ्या पैशात हे?" असं कुणी म्हटलं तर त्याला खोटं पाडता येत नाही. या यंत्राची किंमत वसूल होते ती उजव्या बाजूला, जिथे ३.५ मिलिमीटरच्या भोकांचा पॅचबे, म्हणजे केबल लावून यंत्राची आतली जोडणी बदलायची जागा आहे आणि त्याच्या खाली ईएसपी, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेऊन त्यापासून व्होल्टेज तयार करणारा भाग. तबला, डग्गा, बासरी, ऑक्टापॅड यांतलं काहीतरी घरात असेल तर हा सिंथ घेण्यात अर्थ आहे. नुसते बोटांनी सूर वाजवायचे असतील तर दुसरं काहीतरी बघावं.

मूळ एमएस-२० १९७८ चा. २०१३ मध्ये कॉर्गने तो पुन्हा काढला, आकाराने मूळच्या ८६ टक्के. आतली मांडणी तीच: सूर काढणारे दोन ऑसिलेटर, आवाज गाळणारे एकामागोमाग दोन फिल्टर, आवाजाचा चढउतार ठरवणारे दोन एन्व्हलप, आवाज संथपणे झुलवणारा एक मॉड्युलेशन जनरेटर. नव्याने आले ते मिडी इन (दुसऱ्या यंत्राकडून आदेश घ्यायची सोय) आणि यूएसबी. पण मिडीवरून फक्त सुराचे संदेश जातात. कटऑफ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा) लॅपटॉपवरून फिरवू म्हणाल तर ते होणार नाही, पिच बेंडही नाही. आवाज साठवून ठेवायची सोय नाही, त्यामुळे जमलेला पॅच, म्हणजे केबल आणि नॉबची मांडणी, मोडण्याआधी मोबाइलवर सरळ वरून फोटो काढून ठेवावा. केबल लोंबत असतील तर त्यांखालचे नॉब दिसत नाहीत, म्हणून एक फोटो केबलसकट आणि एक केबल काढून. सोबत दहा पॅच केबल येतात. त्या पुरत नाहीत.

फिल्टरवर थोडं थांबायला हवं, कारण या यंत्राचं नाव झालं ते फिल्टरमुळे. आधी खालचे सूर कापणारा हाय पास, मग वरचे कापणारा लो पास. हाय पासचा उतार ऑक्टेव्हला ६ डेसिबल, लो पासचा १२. दोन्हींना स्वतःचा पीक, म्हणजे कटऑफजवळचा आवाज उठवणारा नॉब. मूगच्या लॅडर फिल्टरमध्ये पीक वाढवला की खर्ज पातळ होतो, सूर टोकदार आणि गोड होत जातो. इथे फीडबॅकच्या वाटेत डायोड बसवलेले आहेत. पीक वाढला की ते आवाज कापायला लागतात, आणि फिल्टर शिट्टी वाजवण्याऐवजी ओरडतो. पीक सातच्या पुढे नेला आणि ऑसिलेटरची पातळी दहावर ठेवली तर फिल्टर आणि ऑसिलेटर यांची झोंबाझोंबी ऐकू येते, ऑसिलेटर पाचवर आणला तर फिल्टर जिंकतो. एमएस-२० चा आवाज म्हणतात तो बहुतेकदा या एका ठिकाणी, मिक्सरचे दोन नॉब आणि लो पासचा पीक यांच्यामध्ये असतो. कॉर्गने पुढे मूळ यंत्रात फिल्टरचं सर्किट बदललं होतं, मिनीमध्ये मात्र आधीचं, जास्त उर्मट सर्किट घेतलंय. त्याची किंमत म्हणजे खरखर. शांत जागी लो पास उघडा ठेवला की मागे सूं ऐकू येते. ती दोष समजून दुकानदाराशी भांडू नये. हेडफोन लावून पीक मात्र फिरवू नका. आवाज आधी शून्यावर आणायचा, मग पीक फिरवायचा, मग आवाज हळूहळू वाढवायचा. कान एकदाच मिळतात.

आता ईएसपी. यात पाच वस्तू बाहेर पडतात: वाढवलेला आवाज, गाळलेला आवाज, सुराप्रमाणे कमीजास्त होणारं व्होल्टेज (एफ-व्ही), आवाजाच्या जोराप्रमाणे कमीजास्त होणारं व्होल्टेज (एन्व्हलप) आणि ट्रिगर, म्हणजे 'सुरू हो' असा इशारा. माइक किंवा मिक्सरमधून आलेला आवाज सिग्नल इनमध्ये द्यायचा. सिग्नल लेव्हल एवढी वाढवायची की जोराच्या थापेला पीकचा दिवा (फिल्टरच्या पीकशी याचा संबंध नाही, हा आवाज अती झाल्याचं सांगतो) लुकलुकेल, सतत पेटता राहणार नाही. मग लो कट आणि हाय कट या दोन नॉबनी वाद्याचा जो पट्टा हवा तेवढाच ठेवायचा. पॅनेलवर ईजी म्हणजे यंत्राचे एन्व्हलप, व्हीसीओ म्हणजे ऑसिलेटर, सीव्ही म्हणजे त्यांना हलवणारं व्होल्टेज. ट्रिगर आउटमधून एक केबल ईजी १ + ईजी २ ट्रिग इनमध्ये, एफ-व्ही सीव्ही आउटमधून दुसरी केबल व्हीसीओ १ + व्हीसीओ २ सीव्ही इनमध्ये, एन्व्हलप आउटमधून तिसरी लो पासच्या कटऑफ इनमध्ये. थ्रेशोल्ड वाढवला की हलक्या आवाजाला ट्रिगर पडत नाही. शेवटी सीव्ही ॲडजस्टने ऑसिलेटरचा सूर वाद्याच्या सुरावर आणायचा.

एवढं सगळं बरोबर लावूनही सूर उड्या मारतो, आणि त्याची कारणं प्रत्येक वाद्यागणिक निराळी आहेत.

बासरी सगळ्यांत चांगली चालते. तिचा सूर साधा, वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे उंच सूर) कमी, त्यामुळे यंत्राला खालचा सूर सापडायला अडचण नाही. गळ्यात 'ऊ' चालतो, 'आ' चालत नाही. 'आ' मध्ये वरचे स्वरांश जोरात असतात आणि यंत्र कधी एक सप्तक वर जाऊन बसतं. शब्द म्हणू नयेत, 'स' आणि 'श' यांना तर त्याला सूरच दिसत नाही, नुसता गोंधळ दिसतो. पेटी एका स्वरावर ठेवली, एकच रीड उघडी असली तर ठीक. दोन रीड आणि खालचा षड्ज धरलेला असला की सगळं कोसळतं. त्यात यंत्राचा दोष नाही, त्याला एका वेळी एकच सूर मोजता येतो.

तबल्याची गोष्ट सगळ्यांत गंमतीची. शाईमुळे तबल्याच्या कातड्यातून निघणारे स्वरांश जवळजवळ सुरेल ओळीत बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच यावर लिहून ठेवलंय. पण 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला टेकलेली असते. तिच्यामुळे कातड्याचा सर्वांत खालचा कंप दबतो आणि वरचे स्वरांश उसळून येतात. 'तूं' मध्ये बोट टेकलेलं नसतं, खालचा कंप मोकळा होतो. कानाला दोन्ही एकाच तबल्याचे बोल वाटतात, ईएसपीला ती दोन वेगळी वाद्यं वाटतात, आणि ऑसिलेटर प्रत्येक बोलावर नवीन जागी जाऊन पडतो. हाय कट खाली आणला तर थोडी सुधारणा होते, पण तोपर्यंत 'ना' च कापला जातो. म्हणून तबल्यासाठी एफ-व्ही सोडून द्यावं. फक्त ट्रिगर आणि एन्व्हलप घ्यावेत. सूर पट्टीवरून किंवा सीक्वेन्सरवरून (ठरवलेले सूर ओळीने वाजवणारं यंत्र) यावा, लय तबल्यावरून. थापेच्या जोराप्रमाणे फिल्टर उघडतो, आणि पट्ट्यांमध्ये नसलेली जोराची जाण यंत्राला हाताकडून मिळते. पट्ट्यांबद्दल सुरुवातीला केलेली तक्रार इथे भरून निघते.

डग्ग्याची घसीट मात्र एफ-व्हीवर लावून बघाच. यंत्र ती अचूक पकडत नाही. खर्जात एकेक कंप मोजायला वेळ लागतो, त्यामुळे व्होल्टेज मागून धावत येतं. सूर म्हणून बेकार, पण तेच व्होल्टेज लो पासच्या कटऑफला दिलं तर घुमाऱ्यामागे एक ओरखडा उमटतो, तो ऐकण्यासारखा.

माइकऐवजी पिझो बझरची चकती लावणं सोयीचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात ती किरकोळ किमतीत मिळते. तिला शिल्डेड वायरचा तुकडा टाका लावून जोडायचा, चकती डग्ग्याच्या भांड्यावर चिकटपट्टीने पक्की बसवायची. कातड्यावर लावू नका, तबलजी चिडेल आणि आवाजही मेल्यासारखा येईल. वायर साधी वापरली तर पंख्याची आणि ट्यूबलाइटची गुणगुण ट्रिगर पाडत राहते. चकती मिक्सरच्या गिटारसाठी असलेल्या इनपुटला लावून तिथून ईएसपीत आणावी. खोलीत एकाच वेळी गाणंही चालू असेल तर माइकपेक्षा चकतीच बरी, कारण तिला आजूबाजूचा आवाज फारसा ऐकू येत नाही.

नवरात्रात बडोद्यात गरब्याच्या साथीला ऑक्टापॅड असतोच. त्याचा आवाज आधीच स्वच्छ, त्यामुळे ईएसपीला तो फार मानवतो. ऑक्टापॅडचं एक वेगळं आउटपुट रिकामं असेल तर त्यावर फक्त बेसच्या पॅडचा आवाज टाकायचा, तो ईएसपीत द्यायचा. खर्जाचा पॅच साधा: व्हीसीओ १ करवती आकार, ३२ फूट (फुटांचा आकडा मोठा तितका सूर खाली), व्हीसीओ २ चौकोनी, १६ फूट, मिक्सरमध्ये पहिला आठवर, दुसरा सहावर. हाय पास पूर्ण खाली, नाहीतर खर्ज त्यातच अडकतो. लो पास तीनच्या आसपास, पीक पाच, एन्व्हलपचा वाटा पाच. ईजी २ मध्ये अटॅक शून्य, डिके तीन, सस्टेन दोन, रिलीज एक. मोठ्या स्पीकरवर हा पॅच वाजवण्याआधी पीक तीनवर आणा. छोट्या खोलीत मजेदार वाटणारा पीक मैदानावरच्या सबवूफरमधून नुसता गुरगुरतो.

सीक्वेन्सर जोडायचा तर कॉर्गचाच एसक्यू-१ सोपा पडतो. दोन ओळींत आठ-आठ पायऱ्या, पेन्सिल सेलच्या जोडीवर चालतो. गरब्यातल्या हिंच तालाला सहा मात्रा, म्हणून ॲक्टिव्ह स्टेपमध्ये शेवटच्या दोन पायऱ्या बंद केल्या की तो सहावर फिरतो. एक पायरी बंद केली की रूपक. दोन्ही ओळी लागोपाठ लावल्या की १६ मात्रांचा त्रिताल, पण सम कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. तबलजीने लय थोडी ओढली की पायऱ्या तबल्याच्या पुढे निघून जातात. त्यावर उपाय ईएसपीचाच: सीक्वेन्सरला फक्त सूर देऊ द्यावेत, ट्रिगर तबल्याकडून घ्यावा. मग लय ढासळली तरी थाप आणि आवाज एकत्र पडतात, सूर मात्र अधूनमधून चुकीच्या मात्रेवर येतो. प्रत्यक्ष साथीत हे चालून जातं.

एसक्यू-१ सुचवायचं खरं कारण दुसरं आहे, आणि मॉड्युलरच्या, म्हणजे सुटे भाग जोडून सिंथ बांधायच्या वाटेवर निघालेल्यांनी ते खरेदीआधी समजून घ्यावं. मूग, रोलँड, डोपफर आणि आजचे बहुतेक युरोरॅक (अशा सुट्या भागांचा प्रचलित साचा) मॉड्यूल एका सप्तकाला एक व्होल्ट मोजतात: एक, दोन, तीन, चार. एमएस-२० हर्ट्झप्रमाणे मोजतो. सूर दुप्पट झाला की व्होल्टेजही दुप्पट: एक, दोन, चार, आठ. युरोरॅकचा सीक्वेन्सर थेट व्हीसीओ सीव्ही इनमध्ये लावला तर पहिलं सप्तक जेमतेम जुळतं आणि पुढे सरगमाचं सरबत होतं. ट्रिगरही उलटा. इथे पट्टी दाबली की ट्रिगरची वायर जमिनीला लागते. युरोरॅकचा गेट, म्हणजे तिथला ट्रिगर, शांत असताना शून्यावर असतो, म्हणजे एमएस-२० च्या भाषेत पट्टी सतत दाबलेली. केबल लावल्याबरोबर न थांबणारा सूर सुरू झाला तर यंत्र बिघडलेलं नाही, तो याचाच परिणाम आहे. एसक्यू-१ च्या सेटिंगमध्ये दोन्ही गोष्टी बदलता येतात.

एसक्यू-१ नसेल तर एक आडवाट आहे. सप्तकाला एक व्होल्टवाली केबल पॅचबेच्या फ्रीक्वेन्सी भोकात लावायची आणि ईजी १ / एक्स्टर्नल नॉब कानाने असा बसवायचा की एक सप्तक खरोखर एक सप्तक होईल. आधी दोन सूर जुळवा, मग दोन सप्तकं दूरचे तपासा. नॉबला खूण करून ठेवा, कारण केसाएवढा हलला तरी वरचा सा बेसूर होतो. ज्यांना या उचापती नकोत आणि पुढे युरोरॅकच घ्यायचंय, त्यांनी पहिली वीट म्हणून एमएस-२० घेऊ नये. बेहरिंगरचा के-२ हा याच मांडणीचा, पट्ट्या नसलेला, रॅकमध्ये बसणारा आणि एमएस-२० चे आधीचे आणि बदललेले असे दोन्ही प्रकारचे फिल्टर असलेला पर्याय त्यांनी बघावा. पॅचिंग कशाशी खातात हे आधी समजून घ्यायचं असेल तर लॅपटॉपवर व्हीसीव्ही रॅक मोफत मिळतं. महिनाभर त्यावर वायरी ओढून बघाव्यात.

मध्येच एक आठवण करून देण्यासारखी गोष्ट. गुजरातेत हे खूळ नवं नाही. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला होता. गीता साराभाई यांनी तिथे काम केलं. आणि बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, तेव्हापासून इथल्या लोकांना वाद्याला हात लावण्याआधी ते कसं बांधलंय हे विचारायची सवय आहे. या यंत्राला तशाच सवयीचा माणूस लागतो.

तानपुऱ्याची जागा हा सिंथ घेणार नाही, पण खाली धरून ठेवायचा एक बरा सूर देतो. पट्टी सोडली की आवाज जातो, आणि होल्डचं बटण नाही. त्यावर युक्ती: व्हील आउटमधून केबल इनिशियल गेन इनमध्ये लावायची आणि चाक पुढे ढकलायचं. चाक पुढे असेपर्यंत आवाज उघडा राहतो, सूर शेवटच्या दाबलेल्या पट्टीचा. व्हीसीओ १ करवती, १६ फूट, तो सा. व्हीसीओ २ बारीक पल्स, ८ फूट, त्याचा पिच उजवीकडे नेत पंचमावर आणायचा. जवळ आल्यावर कंप ऐकू येतात. ते सावकाश होत होत थांबले की पंचम लागला. हा नॉब दोन्ही बाजूंना मिळून फार मोठा पल्ला धरून बसलाय, त्यामुळे बोटाच्या टोकाने, जवळजवळ श्वास रोखून फिरवावा लागतो. हाय पासचा पीक सहावर, मॉड्युलेशन जनरेटर सगळ्यांत मंद, म्हणजे सुमारे दहा सेकंदांत एक फेरी, आणि त्याचा थोडासाच वाटा हाय पासला. स्वरांश एकेक करून वर येतात आणि जवारीची पुसट सावली मिळते. काळी एक असो की पांढरी चार, गायकाच्या पट्टीला आणायचं काम मास्टर ट्यूनने, पण यंत्र चालू केल्यानंतर वीस मिनिटांनी. त्याआधी लावलेला सूर टिकत नाही.

सूर सरकण्याचं कारण उष्णता. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि एसी चालू-बंद होत असलेल्या खोलीत ऑसिलेटर दिवसभर हलत राहतात. एसी चालवायचा तर अर्धा तास आधीच चालू करा आणि बंद करू नका. पाण्याचा कूलर समोर ठेवू नये. दमट हवा आणि धूळ एकत्र आली की जॅकच्या आत थर बसतो, पॅच केबल हलवली की खरखर येते. पावसाळ्यात वापर नसेल तर झाकण घालून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. खरखर आलीच तर केबल दहा-बारा वेळा आतबाहेर करावी. पुष्कळदा तेवढ्यानेच जाते. नाही गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनर प्लगच्या टोकावर फवारून तो आतबाहेर करा, जॅकमध्ये थेट फवारू नका.

ॲडॉप्टर ९ व्होल्टचा, मधला भाग धन. गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टचे ॲडॉप्टर बहुतेक उलटे, मधला भाग ऋण असलेले असतात. पिन बसते म्हणून लावू नये. यूएसबीने लॅपटॉपला आणि ऑडिओने मिक्सरला जोडल्यावर हम्म सुरू झाला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी जमिनीला जोडल्यामुळे येणारी गुणगुण. यूएसबी काढून पाच पिनांच्या मिडीने जोडलं की बहुतेकदा जातो. जादा पॅच केबलसाठी मोबाइलच्या दुकानातली ऑक्स केबल चालते. ती स्टीरिओ असली तरी पॅचबेच्या मोनो भोकांत काम करते. फक्त प्लगची बाहेरची प्लॅस्टिकची टोपी जाड नसावी, शेजारचं भोक अडतं.

जुना घेताना बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. नॉब किंचित हलतात, ते नव्यातही हलतात, त्याची काळजी करू नका. प्रत्येक पट्टी दोनदा दाबून सूर येतो का ते बघा. चाक मधल्या खटक्यावर नीट बसतं का. मग एक केबल घेऊन केबीडी सीव्ही आउटपासून व्हीसीओ सीव्ही इनपर्यंत ओढा आणि पट्ट्या वाजवा. एकाच सप्तकात सा ते सा बरोबर आला तर पॅचबेचा तो कोपरा ठीक आहे. नंतर तीच केबल एकेका भोकात लावून हळूच हलवा. जिथे आवाज तुटतो तिथला टाका सुटलेला आहे, आणि तो दुरुस्त करायला संपूर्ण पॅनेल उघडावं लागतं. सर्वांत शेवटी ईएसपी, जी विकणाऱ्याने सहसा कधी वापरलेलीच नसते: मोबाइलवर बासरीचं रेकॉर्डिंग लावा, हेडफोनच्या भोकातून सिग्नल इनमध्ये द्या, आणि ट्रिगरचा दिवा प्रत्येक फुंकीला पेटतो का ते बघा.